मरणाचं चित्र आणि बघणाऱ्याची जबाबदारी

भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा आमच्या आंबेगाव-जुन्नर भागातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. श्रावणात मंचर, घोडेगाव, डिंभे या रस्त्याने एसटीच्या गाड्या भरभरून वर जातात आणि दर्शनाच्या रांगेत तिच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी फौजेने आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. ही त्यांतलीच एक. तिच्यावरच्या ख्रिस्ती खुणा आजही दिसतात.

मी चित्रकलेची शिक्षिका आहे. आंबेगाव तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी स्मरणचित्र, स्थिरचित्र, छायाप्रकाश शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ही घंटा पाहिली की मला प्रश्न पडायचा : ती ज्या चर्चमध्ये वाजत होती, तिथली माणसं मान वर करून काय बघत असतील? उत्तर शोधत गेले तेव्हा कळलं, की ती माणसं बहुतेक वेळा मरण बघत होती. क्रुसावर खिळलेला येशू, बाणांनी विंधलेला संत, तबकात ठेवलेलं शीर. सतराव्या शतकातल्या या कलेला बरोक म्हणतात आणि चारशे वर्षांनंतर आजचे चित्रकार पुन्हा तिच्याशी बोलू लागले आहेत. त्यांत आपली माणसंही आहेत. हे बोलणं आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांच्याही कामाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

अंधारातून आलेला उजेड

आधी थोडा इतिहास. सोळाव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती धर्मात फूट पडली. नव्या पंथांच्या अनेक लोकांनी चर्चमधली चित्रं आणि मूर्ती नाकारल्या. कॅथलिक धर्मगुरूंनी ट्रेंट या गावी भरलेल्या परिषदेत १५६३ साली उलट ठरवलं. चित्रं राहतील आणि ती वाचता न येणाऱ्या माणसालाही शिकवतील, हलवतील. त्या निर्णयातून पुढे जी कला बहरली ती बरोक. तिने देवाधर्माच्या गोष्टी ढगांतून खाली, रस्त्यावर आणल्या. संतांचे पाय मळलेले झाले, म्हाताऱ्यांच्या कपाळावर सुरकुत्या आल्या आणि मरण खरं दिसू लागलं.

यातलं सर्वांत मोठं नाव कारावाज्जोचं. त्याची पार्श्वभूमी जवळजवळ काळी असते. एका बाजूने उजेडाचा झोत येतो आणि तेवढंच दिसतं जेवढं त्याला दाखवायचं आहे. छायाप्रकाश शिकवताना मी मुलांना त्याचीच चित्रं दाखवते. सुमारे १५९९मध्ये त्याने ज्यूडिथची गोष्ट रंगवली. शहराला वेढा घालणाऱ्या सेनापतीच्या तंबूत जाऊन ही विधवा त्याचं मुंडकं उडवते. आधीच्या अनेकांनी ही कथा काम उरकल्यानंतरची रंगवली होती. कारावाज्जोने तलवार अर्ध्या मानेत असतानाचा क्षण निवडला.

काही वर्षांनी तीच कथा एका स्त्रीने रंगवली. आर्तेमिझिया जेंतिलेस्की. १६११ साली, ती अजून विशीतही नसताना, वडिलांच्या ओळखीतल्या एका चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. १६१२मध्ये रोममध्ये खटला चालला आणि ती खरं बोलते का हे पडताळायला न्यायालयात तिच्याच बोटांना दोऱ्या आवळून छळ करण्यात आला. चित्रकाराची बोटं ती! त्यानंतर तिने काढलेली ज्यूडिथ कारावाज्जोच्या ज्यूडिथसारखी हात लांब धरून, कपाळाला आठी घालून उभी राहत नाही. तिच्या बाह्या वर सारलेल्या आहेत. शेजारची दासी नुसती पिशवी धरून थांबलेली नाही, ती सेनापतीला वरून दाबून धरते आहे. ऊसतोडीच्या फडात मोळी आवळणाऱ्या बाईच्या हातात जो जोर असतो, तोच या दोघींच्या हातांत आहे. या चित्राची एक प्रत नेपल्समध्ये आणि दुसरी, सुमारे १६२०ची, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते कारावाज्जोच्या दुसऱ्या एका चित्राने. १६०६मध्ये एका भांडणात त्याच्या हातून माणूस मेला आणि तो रोममधून पळाला. पळता पळता माल्टा बेटावर पोचला. तिथे १६०८मध्ये त्याने संत योहानाच्या शिरच्छेदाचं पाच मीटरहून रुंद चित्र काढलं. ते आजही तिथेच, वालेटा शहरात आहे. योहान जमिनीवर पडला आहे. वार झालेला आहे, पण मान पुरती तुटलेली नाही, म्हणून मारेकरी पाठीमागचा सुरा उपसतो आहे. खाली सांडलेल्या रक्तातच कारावाज्जोने आपलं नाव लिहिलं आहे. त्याने सही केलेलं हे एकच चित्र.

आता या चित्रातले बघणारे बघा. एक म्हातारी दोन्ही हातांनी डोकं धरून उभी आहे. उजवीकडे गजांच्या खिडकीतून दोन कैदी मान लांब करून पाहताहेत. तिसरे बघणारे आपण. चित्रकाराने आपल्यापुढे सरळ प्रश्न ठेवला आहे : तुम्ही त्या म्हातारीच्या बाजूचे, की खिडकीतल्या कैद्यांच्या? कुतूहल म्हणून बघताय, की दुःखात सामील होताय? बरोक कलेतल्या रक्ताचा अर्थ मला इथे लागला.

त्याच काळात आपल्याकडे

हे सगळं युरोपात घडत होतं तेव्हा आपल्या भागातही शांतता नव्हती. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला आणि त्याच सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पुढे जुन्नर मोगलांकडे गेलं. सुमारे १६५०मध्ये मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची शिरं शिवनेरीवर उडवली गेली आणि त्या जागी चौथरा बांधला गेला, असं इथली परंपरा सांगते. गडावर कोळी चौथरा आजही दाखवतात. त्या घटनेचं कुणी रंगवलेलं चित्र आपल्याकडे नाही. लोकांच्या आठवणीने आणि दगडाने ती जपली.

मरण दगडात कोरायची रीत मात्र आपल्याकडे त्याहून जुनी आहे. आमच्या भागात जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. ते खालून वर वाचायचे. सर्वांत खाली लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाईगुरं सोडवताना मेलेला कुणी साधा गावकरीही त्यात असतो. हिंसा लपवलेली नाही, पण माणूस त्या खालच्या चौकटीत पडून राहत नाही. गाव त्याला उचलून वर नेतं. बरोक चित्रकाराचा उजेड हेच काम करतो, असं मला दोन्ही बघताना जाणवतं.

गोव्याचा मुलगा

आपल्या सर्वांत जवळचं बरोक जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझू बॅसिलिकाचं काम १५९४मध्ये सुरू झालं, १६०५मध्ये ती पवित्र केली गेली. आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव चांदीच्या पेटीत आहे. पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३७च्या सुमारास घडवली. तिच्याखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने ती भेट म्हणून पाठवली आणि १६९८मध्ये ती इथे उभी राहिली. तिच्या चार बाजूंच्या काशाच्या पट्ट्यांपैकी एकीवर झेवियरचं मरण कोरलं आहे : चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, १५५२ साली, मुक्कामाला पोचण्याआधीच. शाळेच्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर मी तिथे गेले तेव्हा बाकीचे पेटीकडे बघत होते. मी ती पट्टी बघत राहिले.

या चर्चच्या सावलीत वाढलेला एक मुलगा पुढे या सगळ्याला प्रश्न विचारणार होता. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा, जन्म १९२४, गाव साळगाव. जन्मानंतर काही महिन्यांतच वडील वारले. लहानपणी त्याला देवी आल्या. आईने झेवियरला नवस केला, मुलगा वाचला आणि त्याच्या नावात फ्रान्सिस आलं. आई शिवणकाम करायची. तिच्याबरोबर तो मुंबईला आला. स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतल्याने १९४५मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्याला काढलं गेलं. १९४७मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे, बाक्रे यांच्यासोबत त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला आणि १९४९मध्ये लंडन गाठलं.

सूझाचं १९५९चं ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. हा येशू काळा आहे. त्याचं अंग काटेरी झुडपासारखं टोकदार आहे, दात दिसताहेत, बोटं वाळक्या काटक्यांची आहेत. गोव्याच्या वेदीवरचा जखमी पण देखणा येशू आणि हा येशू यांच्यात मोठं अंतर आहे. लहानपणी पाहिलेल्या चर्चचा आणि तिथल्या यातनांच्या प्रतिमांचा आपल्यावर खोल परिणाम झाला, हे सूझाने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याने बरोककडून वेदना घेतली आणि सोनं परत केलं. ज्या चर्चने येशूच्या जखमा इतक्या सुंदर रंगवल्या, त्याच गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली तर, धर्मन्यायालय लोकांना शिक्षा देत होतं. सूझाचा संतापलेला येशू पाहताना मला हे विसरता येत नाही.

याच गोव्याचा, १९०२मध्ये जन्मलेला आंजेलो द फोन्सेका मात्र दुसऱ्या वाटेने गेला. तो पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि साडीतली, शांत डोळ्यांची मेरीमाता रंगवत राहिला. रक्त बाजूला ठेवूनही ख्रिस्ती चित्र होतं, हे त्याने पुण्यात बसून दाखवलं. वारसा एकच, त्याला दिलेली उत्तरं दोन. दोन्ही मला खरी वाटतात.

वर्तमानपत्रातला मेलेला माणूस

आता मुंबई. चित्रकार तय्यब मेहतांनी १९४७च्या दंगलीत महंमद अली रोडवर आपल्या घराच्या खिडकीतून एका माणसाला जमावाने ठेचून मारताना पाहिलं. ते दृश्य त्यांना आयुष्यभर पुरलं. त्यांच्या चित्रांत कोसळणारी माणसं येतात, पाय बांधलेला बैल येतो. १९७०च्या ‘कूडल’ या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केलं. डच चित्रकार रेम्ब्राँने १६५५मध्ये टांगलेला सोललेला बैल रंगवला होता. ते चित्र आणि तय्यब यांचा बैल मी मुलांना शेजारी शेजारी दाखवते. मुलं आधी नाक मुरडतात आणि मग गप्प होऊन बघतात.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पुन्हा पेटली. त्या वेळी होशी जाल या छायाचित्रकाराने काढलेला एक फोटो वर्तमानपत्रात आला : रस्त्यावर पडलेला एक अनोळखी मेलेला माणूस. लाखो वाचकांनी तो बघितला असेल आणि पान उलटलं असेल. चित्रकार विवान सुंदरम यांना पान उलटता आलं नाही. १९९३मध्ये त्यांनी ‘मेमोरियल’ ही मोठी मांडणी केली. तोच फोटो पुन्हा पुन्हा घेऊन त्यावर खिळे ठोकले, तो झाकला, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, जणू त्या माणसाचं दफन केलं. सम्राटाच्या वाट्याला यावा तसा मान त्यांनी एका बेवारस प्रेताला दिला.

इथे मला रोममधली हुतात्मा संत सेसिलिया आठवते. १५९९मध्ये तिची कबर उघडली गेली. स्तेफानो मादेर्नोने १६००मध्ये संगमरवरात तिची मूर्ती केली : कुशीवर पडलेली मुलगी, मानेवर वाराची खूण आणि चेहरा पलीकडे वळवलेला. आपल्याला तिचा चेहरा दिसत नाही. मेलेल्या माणसाकडे टक लावून बघण्याचा हक्क शिल्पकाराने आपल्याकडून काढून घेतला आहे. सुंदरम यांचे खिळेही हेच करतात. चार शतकांच्या अंतरावरून दोघं एकच गोष्ट सांगतात : मृताची लाज राखा.

जे. जे.मध्येच शिकलेल्या नलिनी मलानी यांनी हा संवाद थेट लंडनच्या नॅशनल गॅलरीत नेला. २०२३मध्ये तिथे त्यांचं ‘माय रिअॅलिटी इज डिफरंट’ हे प्रदर्शन झालं. कारावाज्जोसह जुन्या थोर चित्रांचे तुकडे त्यांनी घेतले आणि आयपॅडवर बोटाने काढलेल्या हलत्या रेषा त्यांवर नाचवल्या. अंधाऱ्या दालनात भिंतीभर ही चित्रं फिरत होती. जुन्या चित्रांत कोपऱ्यात उभ्या असलेल्या बायका, नोकर, गुलाम यांच्या नजरेने ती सगळी दौलत बघा, असं त्या सुचवतात. त्याआधी कठुआमधल्या आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचार आणि खुनानंतर त्यांनी ‘कॅन यू हिअर मी?’ हे काम केलं होतं. मूल बोलू शकत नाही, तेव्हा चित्रकाराने काय करायचं, याचा तो शोध होता.

युरोपातही हा धागा पुन्हा पकडला गेला आहे. २०१८मध्ये बेल्जियमचा चित्रकार ल्यूक तोयमन्स याने आधी अँटवर्पमध्ये आणि मग मिलानमध्ये बरोक आणि आजची कला एकत्र मांडली. मिलानमध्ये कारावाज्जोच्या जोडीला एडवर्ड किनहोल्झचं एक मोठं काम होतं : मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात एका काळ्या माणसावर अत्याचार करणारा गोरा जमाव. अंधार, एकाच बाजूचा झोत, मध्यभागी बळी. रचना थेट कारावाज्जोची. आणि त्यात पाऊल टाकणारा प्रेक्षक त्या जमावातलाच एक होऊन जातो.

माळीणनंतर

हे मला इतकं का महत्त्वाचं वाटतं? ३० जुलै २०१४च्या सकाळी आमच्या तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. गाव दिसत नाही, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं, तेव्हा बाहेर खबर गेली. १५१ माणसं गेली. पुढचे कितीतरी दिवस चिखलातून प्रेतं निघत होती. आणि त्याच दिवसांत आमच्या मोबाइलवर त्या प्रेतांचे फोटो फिरत होते. कोण पाठवत होतं, कुणालाच माहीत नव्हतं. सगळे बघत होते.

त्या वर्षी स्मरणचित्राच्या तासाला पश्चिम भागातल्या एका मुलीने ‘पावसाळा’ या विषयावर अख्खा कागद तपकिरी रंगवला. मध्ये माणसं नव्हती, घरं नव्हती. एका कोपऱ्यात फक्त एक छोटी चौकट आणि तिच्यात पिवळा ठिपका. मी विचारलं, तर म्हणाली, “बाई, आत दिवा लावलेला होता.” परीक्षेच्या नियमांत बसणारं ते चित्र नव्हतं. पण अंधार कुठे ठेवायचा आणि उजेड कुठे, हे तिला कळलं होतं. मोबाइलवरच्या एकाही फोटोत मला माळीण तसं दिसलं नव्हतं.

आज माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांचं नवं गाव आमडे इथे वसलं आहे. एप्रिल २०१७मध्ये ती घरं त्यांच्या ताब्यात मिळाली. जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे आणि तिथे गेलेल्यांची नावं आहेत. दरवर्षी ३० जुलैला लोक जमतात. नाव कोरणं हे कलेचं सर्वांत साधं आणि सर्वांत जुनं काम आहे.

मोबाइलवरचं मरण मात्र माळीणपाशी थांबलं नाही. जुन्नर वनविभागात उसाच्या फडांत बिबटे राहतात. त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली, लेकरं गेली. प्रत्येक वेळी फोटो येतो, व्हिडिओ येतो आणि तासाभरात तालुकाभर पसरतो. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण सावध करतोय. पण ज्या आईचं मूल गेलं, तिच्या नात्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरही तो पोचतो. आपण सगळे कारावाज्जोच्या खिडकीतले कैदी झालो आहोत. मान लांब करून बघतो आणि त्या म्हातारीसारखं डोकं धरत नाही.

हिंसा आणि मरण दाखवू नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. बरोक चित्रकारांनी ते दाखवलं, वीरगळ घडवणाऱ्यांनी दाखवलं, सूझा, तय्यब, सुंदरम आणि मलानी यांनी दाखवलं. न दाखवलेला अन्याय विसरला जातो. पण या सगळ्यांनी दाखवताना वेळ घेतला, विचार केला, मेलेल्याचा मान ठेवला आणि बघणाऱ्याला आपली जागा विचारली. चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला माझ्याकडे एकच कसोटी उरली आहे : ते बघून आपण मेलेल्याच्या अधिक जवळ जातो, की त्याच्यापासून सुटतो?

म्हणून शिक्षक, पालक आणि वाचनालयं चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना ही चित्रं दाखवा. घाबरतील म्हणून टाळू नका. त्याहून भयंकर गोष्टी ती रोज मोबाइलवर एकटी बघत असतात. कारावाज्जो आणि आर्तेमिझियाची ज्यूडिथ शेजारी ठेवा आणि कोण कुठे उभं आहे, हे त्यांना विचारा. गोव्याला गेलात तर बॉम जेझूमध्ये थोडं अधिक थांबा. गावातला वीरगळ उन्हापावसात पडला असेल तर उभा करा. त्यावर ऑइलपेंट मात्र फासू नका. आणि पुढच्या वेळी कुणाच्या मरणाचा फोटो तुमच्या हातात आला, तर तो पुढे पाठवू नका. त्या माणसाचं नाव विचारा आणि जमलं तर त्याच्या घरी जाऊन या.